जुन्या युद्धनौका, नवे धोके: आधुनिकीकरणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौदलाच्या बातम्या वाचणाऱ्यांना 'मिड लाइफ अपग्रेड', 'रिफिट', 'री-पॉवरिंग' हे शब्द सतत भेटतात, पण गोदीत शिरलेल्या जहाजाचं पुढे नेमकं काय होतं हे सहसा कुणी सांगत नाही. इथली उत्तरं मुख्यतः भारतीय नौदलाच्या विनाशिका (मोठ्या लढाऊ नौका) आणि फ्रिगेट (त्यांहून थोड्या लहान) यांच्याबद्दल आहेत. परदेशी उदाहरणं जिथे काही शिकवतात तिथेच घेतली आहेत.

आधुनिकीकरण आणि दुरुस्ती यांत फरक काय?

दुरुस्तीत जहाज होतं तसं केलं जातं. तळ खरवडायचा, गंजलेले पत्रे बदलायचे, व्हॉल्व्ह आणि पंप उघडून नीट करायचे, रंग द्यायचा. नौदलात याला रिफिट म्हणतात आणि जहाज ठरावीक काळाने लहान किंवा मोठ्या रिफिटला जातंच. आधुनिकीकरणात जहाज आधी जे करू शकत नव्हतं ते करण्याजोगं बनवायचं असतं. रडार, क्षेपणास्त्रं, सोनार (आवाजाने पाण्याखालचं शोधणारं यंत्र), इलेक्ट्रॉनिक युद्धाची यंत्रणा आणि युद्धकक्षातले संगणक बदलतात, कधी इंजिनही बदलतं. साधारण आयुष्याच्या मध्यावर, म्हणजे पंधरा-वीस वर्षांनंतर हे काम निघतं. तेव्हा सांगाडा पुढची पंधरा वर्षं टिकण्याइतका धड असतो, पण आतली इलेक्ट्रॉनिक्स कालबाह्य झालेली असतात.

एवढा खर्च करण्यापेक्षा नवीच नौका का बांधत नाहीत?

बांधतातच. माझगाव डॉकने विशाखापट्टणम वर्गाच्या चार विनाशिका दिल्या. पहिली नोव्हेंबर 2021 मध्ये ताफ्यात आली आणि चौथी, आयएनएस सुरत, 15 जानेवारी 2025 रोजी. त्याच दिवशी निलगिरी वर्गाची पहिली फ्रिगेटही दाखल झाली. पण मोठी युद्धनौका कागदावरून समुद्रात यायला कित्येक वर्षं जातात, आणि समुद्र काही तेवढा वेळ मोकळा राहत नाही. अरबी समुद्र, एडनचं आखात, बंगालचा उपसागर, मलाक्का सामुद्रधुनीचं तोंड अशा सगळ्या ठिकाणी एकाच वेळी जहाजं ठेवायची तर संख्या लागते. ती संख्या जुनी जहाजं देतात. म्हणून प्रश्न नवं की जुनं असा नसून, जुन्यांपैकी कुणावर खर्च करायचा हा आहे. त्याकडे शेवटी येऊ.

धोका खरोखर बदलला आहे, की हे संरक्षण कंपन्यांचं विक्रीचं बोलणं आहे?

बदलला आहे. पण तो आज अचानक बदललेला नाही.

21 ऑक्टोबर 1967 रोजी इजिप्तच्या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी इस्रायलची आयलात ही विनाशिका बुडवली. छोट्या बोटीने मोठ्या युद्धनौकेला क्षेपणास्त्राने बुडवण्याची ती पहिली वेळ. चार वर्षांनी, 4 डिसेंबर 1971 च्या रात्री, आपल्या निपात, निर्घात आणि वीर या नौकांनी त्याच जातीची सोव्हिएत क्षेपणास्त्रं कराचीसमोर वापरली. नौदल दिन 4 डिसेंबरला असतो तो त्यामुळेच. 1982 मध्ये फॉकलंडच्या युद्धात एक्झोसेट क्षेपणास्त्राने ब्रिटनची शेफील्ड गेली.

गेल्या काही वर्षांत भर पडली ती तीन गोष्टींची. पहिली म्हणजे अशी शस्त्रं आता सरकारांपुरती राहिलेली नाहीत. येमेनमधल्या हौथी बंडखोरांनी 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात क्रूझ क्षेपणास्त्रं, ड्रोन आणि जहाजांवर रोखलेली बॅलिस्टिक क्षेपणास्त्रंसुद्धा डागली. शेवटचा प्रकार प्रत्यक्ष लढाईत याआधी कुणी वापरला नव्हता. दुसरी गोष्ट पाण्यावरची: युक्रेनने दूरवरून चालवल्या जाणाऱ्या स्फोटक बोटींनी फेब्रुवारी 2024 मध्ये रशियाची इव्हानोवेत्स ही क्षेपणास्त्र नौका आणि सीझर कुनिकोव्ह हे मोठं जहाज बुडवलं. युक्रेनकडे तेव्हा म्हणावं असं नौदल उरलंच नव्हतं. आणि तिसरी, मला सगळ्यात गंभीर वाटणारी, म्हणजे हे सगळं एकाच वेळी येऊ शकतं. वरून बॅलिस्टिक, लाटांना चिकटून क्रूझ, मधल्या उंचीवर संथ ड्रोन आणि खाली बोट. जुन्या युद्धनौकेची रचना एका वेळी एकदोन लक्ष्यांशी लढण्यासाठी झालेली असते.

आपल्याला याची झळ लागलीच आहे. 23 डिसेंबर 2023 रोजी केम प्लूटो या व्यापारी जहाजावर गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर ड्रोन आदळलं. जहाज मुंबईला आणलं गेलं आणि नौदलाच्या स्फोटकतज्ज्ञांनी ते तपासलं. पाठोपाठ मोर्मुगाव, कोची आणि कोलकाता या विनाशिका अरबी समुद्रात पाठवल्या गेल्या. महिन्याभराने एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा हे टँकर क्षेपणास्त्र लागून पेटलं, तेव्हा मदतीला गेलेली नौका होती आयएनएस विशाखापट्टणम. त्या टँकरवरचे बावीस खलाशी भारतीय होते.

क्षेपणास्त्र येताना दिसलं तर जहाजाकडे किती वेळ असतो?

हे गणित साधं आहे, आणि बाकीची बहुतेक उत्तरं त्यातून निघतात.

पृथ्वी गोल असल्यामुळे जहाजाचं रडार क्षितिजापलीकडचं लाटांलगतचं काही पाहू शकत नाही. रडार पाण्यापासून 25 मीटरवर आणि क्षेपणास्त्र 5 मीटरवर धरलं, तर ते पहिल्यांदा दिसू शकतं सुमारे 30 किलोमीटरवर. ध्वनीहून थोड्या कमी वेगाचं क्षेपणास्त्र सेकंदाला साधारण 300 मीटर कापतं, म्हणजे हाताशी शंभर सेकंद. ब्रह्मोसच्या वेगाचं असेल, म्हणजे ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट, तर तीस-बत्तीस सेकंद. एवढ्यात ओळखायचं, ठरवायचं, क्षेपणास्त्र सोडायचं, चुकलं तर दुसरं सोडायचं.

बातमीत 'सत्तर किलोमीटर पल्ल्याचं बराक-8' (विमानं आणि क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारं क्षेपणास्त्र) वाचून हायसं वाटतं, ते विमानाच्या किंवा उंचावरून येणाऱ्या लक्ष्याच्या बाबतीत योग्यच आहे. लाटांलगत येणाऱ्या क्षेपणास्त्रापुढे मात्र तोच पल्ला क्षितिजाने आखूड होतो. म्हणून आधुनिकीकरणात रडार किती उंचावर बसतं, हेलिकॉप्टर किंवा दुसऱ्या जहाजाने पाहिलेलं लक्ष्य आपल्या पडद्यावर किती लवकर येतं, आणि माणसाने निर्णय घेण्यात जाणारे सेकंद कसे वाचतात, यावर पैसा खर्च होतो. फोटोत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही कमी होते.

मग नवं रडार आणि नवी क्षेपणास्त्रं बसवली की काम झालं ना?

इथेच बहुतेक लोकांचा अंदाज चुकतो. जहाजाचं वजन, वीज, थंडावा आणि जागा हे चार हिशेब आधी जुळावे लागतात.

वजनाचं आधी. दोन टनांची वस्तू तळाशी ठेवणं वेगळं आणि डोलकाठीवर चढवणं वेगळं. वरचं वजन वाढलं की जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि पावसाळी अरबी समुद्रात एका बाजूला झुकलेलं जहाज परत सरळ व्हायला वेळ लावतं. त्यामुळे मोठ्या बदलानंतर जहाज शांत पाण्यात उभं करून, डेकवरची मोजलेली वजनं इकडून तिकडे हलवून ते किती कलतं हे तपासावं लागतं. आकडे जुळले नाहीत तर तळात नुसतं वजन भरायची वेळ येते. मग वेग कमी होतो, इंधन जास्त जळतं.

वीज आणि थंडावा ही जोडगोळी आहे. आताची रडारं, उदाहरणार्थ कोलकाता वर्गाच्या डोलकाठीवर चारही दिशांना सपाट चौकटी दिसतात ते एमएफ-स्टार, भरपूर वीज घेतात आणि तितकीच उष्णता फेकतात. ती उष्णता थंड पाण्याच्या नळ्यांनी वाहून न्यावी लागते. म्हणजे रडारबरोबर जनरेटर आला, वातानुकूलनाचं मोठं संयंत्र आलं, त्यांच्या केबल आणि नळ्या आल्या. ऐंशीच्या दशकात आखलेल्या जहाजात हे सगळं कुठून न्यायचं? प्रत्येक जलरोधक भिंतीला पाडलेलं भोक पुन्हा पाणी आणि आग अडवेल असं बंद करावं लागतं. गोदीतले महिने जातात ते बहुतांशी इथे.

म्हणून नवं जहाज आखतानाच जाणती नौदलं थोडी जागा, थोडी वीज, थोडं वजन शिल्लक ठेवतात. ही शिल्लक ठेवताना खर्च वाढतो आणि वीस वर्षं ती कुणाच्या उपयोगी पडत नाही, त्यामुळे काटकसरीत पहिली कात्री तिलाच लागते. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी काटकसर हीच.

भारतात हे काम नीट झाल्याचं उदाहरण कोणतं?

सर्वात जुनं आणि मला फार आवडणारं उदाहरण राजपूत वर्गाचं. सोव्हिएत बांधणीची आयएनएस राजपूत 1980 मध्ये ताफ्यात आली. पुढे ब्रह्मोस तयार होत होतं तेव्हा समुद्रातून पहिल्या चाचण्या घ्यायला हीच नौका वापरली, 2003 पासून. तिच्याच वर्गातल्या आयएनएस रणवीरवरून डिसेंबर 2008 मध्ये ब्रह्मोस उभ्या नळीतून डागलं गेलं. सत्तरच्या दशकातल्या आराखड्यावर एकविसाव्या शतकातलं शस्त्र बसवता आलं, कारण त्या जहाजांवर आधीच मोठी, जड क्षेपणास्त्रं होती. ती काढली की जागा आणि वजन दोन्ही मोकळं झालं. राजपूत मे 2021 मध्ये निवृत्त झाली.

त्यानंतर दिल्ली वर्ग. माझगाव डॉकने बांधलेल्या दिल्ली, म्हैसूर आणि मुंबई या तीन विनाशिका 1997 ते 2001 दरम्यान आल्या. 19 एप्रिल 2022 रोजी आयएनएस दिल्लीने नव्या मॉड्युलर लाँचरमधून पहिल्यांदा ब्रह्मोस डागलं. आपल्या शहराचं नाव मिरवणारी आयएनएस मुंबई अपग्रेड पूर्ण करून डिसेंबर 2023 मध्ये विशाखापट्टणमला, पूर्वेच्या ताफ्यात गेली.

आयएनएस बियासची एवढी चर्चा का?

कारण तिचं हृदयच, म्हणजे इंजिन, बदललं जातंय. यालाच री-पॉवरिंग म्हणतात. ब्रह्मपुत्रा वर्गाच्या या फ्रिगेट वाफेवर चालतात: बॉयलरमध्ये पाणी उकळायचं, त्या वाफेने टर्बाइन फिरवायचं. बियास कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये बांधली आणि 2005 मध्ये ताफ्यात आली, म्हणजे वयाने म्हातारी म्हणावी अशी नाही. पण वाफेचं जहाज बंदरातून निघायला वेळ घेतं, बॉयलरखोलीत उकाडा असह्य असतो, माणसं जास्त लागतात आणि सुटे भाग बनवणारे जगात थोडेच उरलेत.

16 ऑक्टोबर 2023 रोजी संरक्षण मंत्रालयाने कोचीन शिपयार्डशी 313.42 कोटी रुपयांचा करार केला. वाफेची यंत्रणा काढून डिझेल इंजिनं बसवायची, आणि 2026 मध्ये अपग्रेड झालेली बियास ताफ्यात परत आणायची, असं ठरलं. आपल्याकडे वाफेवरून डिझेलवर नेली जाणारी ही या वर्गातली पहिली नौका. काम चोख झालं तर नौदलाला एक नौका मिळेलच, शिवाय असं काम करण्याचं ज्ञान देशातल्या गोदीत राहील. हे ज्ञान विकत मिळत नाही.

काही हजार डॉलरच्या ड्रोनवर कोट्यवधींचं क्षेपणास्त्र सोडायचं का?

जहाजावर तीनशे माणसं असताना ड्रोन अंगावर येत असेल तर हो, सोडायचंच. तांबड्या समुद्रात अमेरिकी विनाशिकांनी तेच केलं, आणि प्रत्येकी सुमारे वीस लाख डॉलरची क्षेपणास्त्रं खर्ची घातली. पण रोज असं करता येत नाही. पैसा हा त्यातला छोटा भाग आहे. कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकेवर बराक-8 च्या 32 नळ्या असतात. त्या स्वस्त ड्रोनांवर संपल्या तर खरं क्षेपणास्त्र येईल तेव्हा हातात काय उरतं?

म्हणून तोफा पुन्हा महत्त्वाच्या झाल्यात. हरिद्वारला भेलच्या कारखान्यात बनणारी 76 मिलिमीटरची सुपर रॅपिड गन आपल्या बहुतेक नव्या नौकांच्या नाकावर दिसते. नोव्हेंबर 2023 मध्ये सुधारित अशा 16 तोफांसाठी 2,956.89 कोटींचा करार झाला. जवळच्या बचावाच्या शीघ्रमारा तोफांची जबाबदारी मार्च 2024 मध्ये लार्सन अँड टुब्रोला मिळाली, 7,668.82 कोटींना. स्फोटक बोटींचा सामना करायला डेकवरून दुरून चालवता येणाऱ्या 12.7 मिलिमीटर मशीनगन आहेत. अशा 463 गनची मागणी फेब्रुवारी 2024 मध्ये नोंदवली गेली. पूर्वी हे काम उघड्या डेकवर उभा राहिलेला नौसैनिक दुर्बीण आणि मशीनगन घेऊन करायचा. रात्री, हलत्या जहाजावरून, वेगात वळणाऱ्या छोट्या बोटीवर त्याचा नेम किती लागणार होता?

तोफेआधी येतात ते न मारता चकवण्याचे उपाय. भारत इलेक्ट्रॉनिक्सकडून घेतलेली ड्रोनविरोधी यंत्रणा ड्रोनचा संदेश आणि दिशादर्शन बिघडवते. हैदराबादच्या प्रयोगशाळेने विकसित केलेली 'शक्ती' ही इलेक्ट्रॉनिक युद्धाची यंत्रणा शत्रूचं रडार ओळखते आणि त्याला गोंधळवते. नोव्हेंबर 2021 मध्ये ती नौदलाकडे सुपूर्द झाली. जोधपूरच्या प्रयोगशाळेने बनवलेली चॅफ रॉकेटं हवेत धातूच्छादित तंतूंचा ढग पसरवतात आणि क्षेपणास्त्र जहाजाऐवजी ढगाकडे वळतं. हा उपाय दुसऱ्या महायुद्धापासूनचा. क्षेपणास्त्र जोवर रडारने लक्ष्य शोधतं तोवर तो उपयोगी राहील.

जुन्या रडारची आणखी एक अडचण ड्रोनांमुळे समोर आली. पक्षी, लाटा, ढग पडद्यावर येऊ नयेत म्हणून रडार हळू हलणाऱ्या वस्तू गाळून टाकतं. संथ छोटं ड्रोन नेमकं त्या गाळणीत जातं. गाळणी सैल केली तर पडदा कचऱ्याने भरतो. इथे यंत्र न बदलता सॉफ्टवेअर सुधारून पुष्कळ साधता येतं.

लेझरने ड्रोन पाडता येतात म्हणे. मग तेच का नाही?

येतात, पण अजून पाऊल पक्कं पडलेलं नाही. डीआरडीओने 13 एप्रिल 2025 रोजी कर्नूलला 30 किलोवॅट लेझरने ड्रोन पाडून दाखवलं. अमेरिकेच्या प्रेबल या विनाशिकेवर लेझर बसलं आहे, आणि ब्रिटन 'ड्रॅगनफायर' आपल्या विनाशिकांवर 2027 पर्यंत आणू पाहतंय. त्याच्या एका माऱ्याचा खर्च दहा पौंड सांगितला जातो. पण आपल्या पावसाळ्यात, दमट धुक्यात, खाऱ्या फवाऱ्यात किरण विखुरतो, एका वेळी एकच लक्ष्य धरतो आणि त्यावर काही सेकंद स्थिर राहावं लागतं. शिवाय पुन्हा तोच वीज आणि थंडाव्याचा हिशेब. जुन्या फ्रिगेटवर लेझर चढवण्याच्या गप्पा मला घाईच्या वाटतात.

क्षेपणास्त्रं संपली तर समुद्रातच पुन्हा भरता येतात का?

उभ्या नळ्यांमध्ये, नेहमीच्या पद्धतीने, नाही. बंदरात क्रेन लागते. अमेरिकेने ऑक्टोबर 2024 मध्ये सॅन दिएगोजवळ चोझिन या क्रूझरवर चालत्या समुद्रात रिकामी नळी भरण्याचा प्रयोग यशस्वी केला, पण तो प्रयोगच होता. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: जुन्या जहाजांवर तोफा आणि चकवे मजबूत करणं, म्हणजे नव्या जहाजांची क्षेपणास्त्रं वाचवणं.

सगळं लक्ष हवेतल्या धोक्यावर. पाणबुड्यांचं काय?

हा प्रश्न विचारायलाच हवा. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. शोध घेणाऱ्या जहाजाला पाणबुडी आधी ऐकू आली नाही, आणि पाणबुडीला जहाज आधी ऐकू आलं. आपल्या समुद्रात वरचं गरम आणि खालचं थंड पाणी यांच्या थरांवर आवाज वाकतो, त्यामुळे जहाजाच्या तळातला सोनार वरच्या थराखाली दडलेली पाणबुडी सहज हुकवतो. उपाय म्हणजे मागे ओढत नेलेला, खोल सोडलेला सोनार, मारीचसारखा टॉर्पेडो चकवणारा संच, आणि हेलिकॉप्टर. एमएच-60आर सीहॉकचं पहिलं पथक मार्च 2024 मध्ये कोचीला सुरू झालं. अपग्रेडच्या याद्यांत हे सगळं ब्रह्मोसच्या खाली छापलं जातं. युद्धात ते वर असायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

युक्रेन युद्धाचा आपल्या जहाजांशी काय संबंध?

फार जवळचा. दिल्ली, कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्ग, तसंच रशियाने बांधलेल्या तलवार वर्गाच्या फ्रिगेट, या सगळ्यांची गॅस टर्बाइनं, म्हणजे जहाज चालवणारी इंजिनं, युक्रेनमधल्या मायकोलाइव्हच्या झोर्या-माशप्रोएक्टची. 2014 नंतर युक्रेनने रशियाला टर्बाइन देणं थांबवलं, तेव्हा तुशील आणि तमाल या नौकांसाठीची टर्बाइनं भारताने स्वतः घेऊन रशियाच्या गोदीत पोहोचवली. तुशील डिसेंबर 2024 मध्ये आणि तमाल जुलै 2025 मध्ये ताफ्यात आली. निलगिरी वर्गात अमेरिकी एलएम-2500 टर्बाइनं आहेत. जुन्या विनाशिकांची टर्बाइनं पुढची पंधरा वर्षं कोण उघडून दुरुस्त करणार, हा आधुनिकीकरणातला सगळ्यात कमी बोलला जाणारा प्रश्न आहे.

परदेशात हे काम फसलं आहे का?

मोठ्या प्रमाणावर. अमेरिकेने टायकोंडेरोगा वर्गाच्या सात क्रूझरचं आधुनिकीकरण हाती घेतलं आणि सुमारे 3.7 अब्ज डॉलर खर्च केले. त्यांच्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, त्यातल्या चार क्रूझर काम पूर्ण होण्याआधीच निवृत्त केल्या गेल्या आणि त्यांच्यावरचे 1.84 अब्ज डॉलर वाया गेले. जहाज उघडल्यावर आत काय सापडेल याचा अंदाज आधी घेतला नव्हता, आणि कामाची यादी वाढतच गेली.

ब्रिटनच्या टाइप-45 विनाशिकांची गोष्ट वेगळी. रडार आणि क्षेपणास्त्रं उत्तम, पण गरम समुद्रात टर्बाइनची थंडावा देणारी यंत्रणा कमी पडायची आणि भर समुद्रात वीज जायची. आता एकेका जहाजाचं पोट कापून दोन डिझेल जनरेटरच्या जागी तीन मोठे बसवले जातायत. नव्याकोऱ्या जहाजांचं हे झालं, तर पंचवीस वर्षांच्या जहाजाचं किती जपून करायला हवं!

गोदीत जहाजांचे अपघात का होतात?

कारण गोदीतलं जहाज समुद्रातल्या जहाजापेक्षा जास्त असुरक्षित असतं. आग विझवणाऱ्या नळ्या बंद, दरवाजांतून केबल गेलेल्या, सगळीकडे वेल्डिंग, आणि निम्मे कर्मचारी जहाजावर नसतात. आयएनएस बेतवा 5 डिसेंबर 2016 रोजी मुंबईच्या गोदीत कलंडली, दोघे दगावले. 21 जुलै 2024 रोजी आयएनएस ब्रह्मपुत्राला मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये रिफिट चालू असताना आग लागली, नंतर ती एका बाजूला झुकली, आणि एक नौसैनिक गेला. अमेरिकेचं बोनहोम रिचर्ड हे प्रचंड जहाज जुलै 2020 मध्ये गोदीत चार दिवस जळून भंगारात गेलं. आग विझवताना ओतलेलं पाणी आत एका बाजूला साचलं तर तेही जहाज उलटवू शकतं. शत्रूच्या क्षेपणास्त्राने जितकी आपली फ्रिगेट जायबंदी झाली नाहीत तितकी गेल्या दहा वर्षांत गोदीत झाली. आधुनिकीकरणाच्या खर्चात आगपहारा, तात्पुरते पंप आणि रात्रपाळीचे सुरक्षा पर्यवेक्षक यांचा वाटा कापला जाऊ नये.

यंत्रं नवी आली की माणसांचं काम कमी होतं का?

संख्या थोडी कमी होते, तयारी जास्त लागते. जुलै 2006 मध्ये इस्रायलच्या हनित या कॉर्व्हेटवर (फ्रिगेटहून लहान युद्धनौका) बराक क्षेपणास्त्रं होती, तरी लेबनॉनच्या किनाऱ्यावरून आलेलं क्षेपणास्त्र तिला लागलं, कारण बचावाची यंत्रणा चालू ठेवलीच नव्हती. धोका असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. चार जण मरण पावले.

आणि मार लागल्यावर जहाज वाचवतात ती माणसंच. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीमध्ये नौदल याचं शिक्षण देतं: अंधारात, धुरात, कमरेएवढ्या पाण्यात भोक बुजवायचं, पंप लावायचा, शेजारचा कप्पा थंड ठेवायचा. नव्या केबल आणि नव्या भिंती आल्या की जहाजाचा आतला नकाशा बदलतो. अपग्रेडनंतर कर्मचाऱ्यांना तो नकाशा डोळे मिटून पाठ होईपर्यंत जहाज लढाईला तयार मानू नये.

महाराष्ट्र आणि गोव्याचा यात वाटा काय?

मुंबईचं नेव्हल डॉकयार्ड 1735 पासूनचं. पश्चिम ताफ्याची मोठी दुरुस्ती इथेच होते, आणि 2019 मध्ये विमानवाहू नौका मावेल अशी नवी कोरडी गोदी इथे सुरू झाली. माझगाव डॉकचं नाव आधी आलंच आहे. पुण्याची दिघीची आर अँड डी इंजिनिअर्स ही प्रयोगशाळा जहाजावरून उभं सुटणाऱ्या कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्राच्या कामात आहे. जुन्या नौकांवरचं बराक-1 ज्याने बदलायचं, ते हेच. अंबरनाथची नौदल साहित्य प्रयोगशाळा रंग, रबर आणि धातूंवर काम करते. गोवा शिपयार्डमध्ये तलवार वर्गाच्या त्रिपुट आणि तवस्य या फ्रिगेट बांधल्या जात आहेत. त्रिपुटचं जलावतरण जुलै 2024 मध्ये आणि तवस्यचं मार्च 2025 मध्ये झालं.

कोणत्या जहाजाचं आधुनिकीकरण करू नये?

ज्याचा सांगाडा थकला आहे, ज्यात वीज आणि वजनाची शिल्लक उरलेली नाही, आणि ज्याला काम संपल्यावर दहा वर्षांहून कमी आयुष्य आहे. अशा जहाजाला साधी दुरुस्ती, डेकवर दुरून चालणाऱ्या मशीनगन, ड्रोनविरोधी जॅमर आणि चांगले दिवसरात्र पाहणारे कॅमेरे द्यावेत, आणि चाचेगिरी रोखणं, गस्त, प्रशिक्षण यांसाठी ठेवावं. त्यावर शेकडो कोटींचं रडार चढवू नये. मंत्रालयात हा निर्णय घेणं अवघड असतं, कारण प्रत्येक निवृत्त जहाजाने ताफ्याचा आकडा एकाने घटतो. पण आकडा राखण्यासाठी ज्या जहाजावर माणसं पाठवायची ते तीस सेकंदांच्या लढाईत टिकणार नसेल, तर तो आकडा खलाशांच्या जिवावर राखलेला असतो.

फोटोत अपग्रेड झालेली नौका कशी ओळखायची?

दिल्ली वर्गात ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षाच्या, पुढच्या भागात दोन्ही बाजूंना पाहा. पूर्वी तिथे उरान क्षेपणास्त्रांच्या बारीक नळ्यांचे गठ्ठे होते. ब्रह्मोसच्या नळ्या जाड आणि संख्येने कमी असतात. कोलकाता आणि त्यानंतरच्या विनाशिका डोलकाठीवरच्या चार सपाट चौकटींमुळे लगेच वेगळ्या दिसतात. बियास परत येईल तेव्हा तिच्या धुराड्यांवर नजर ठेवा.